‘नाही’ कुठे असतं?

आमच्या साताऱ्याच्या घरात कधीकधी एकादशी दोन दिवस यायची. आजी आदल्या दिवशी उपवास धरायची, तात्याआजोबा दुसऱ्या दिवशी. तात्या म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. माळकरी, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. कालनिर्णयाच्या एका चौकटीत ‘स्मार्त एकादशी’ आणि शेजारच्या चौकटीत ‘भागवत एकादशी’ असं छापलेलं असायचं. आम्हा पोरांना त्याचा अर्थ एवढाच कळायचा की साबुदाण्याची खिचडी दोन दिवस मिळणार.

आठवीत असताना मात्र मला शहाणपण फुटलं. भूमितीच्या मास्तरांनी वर्गात ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ शिकवली होती. आधी उलटं गृहीत धरायचं, ते कुठे आपटतं ते बघायचं आणि मग म्हणायचं की गृहीतच चुकलं. हे हत्यार हातात आल्यावर घरात कुठे तरी चालवायलाच हवं होतं. मी जाहीर केलं, “आज एकादशी आहे किंवा नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. म्हणजे आजी आणि तात्या, दोघांपैकी एकाची एकादशी खोटी.”

तात्या हसले. आजी शेंगदाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या म्हणण्यानं चंद्र चालतो का रे?”

तेव्हा मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून ती विषय बदलतेय.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, शिकवलंही. तिथीचं गणित तेव्हा कळलं. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे एखादी तिथी 20 तासांत आटोपते, एखादी 26 तासांच्याही पुढे रेंगाळते. ती मध्यरात्री लागते, दुपारी संपते, कशीही. आता उपवास तर अख्ख्या दिवसाचा करायचा, म्हणजे वाहत्या तिथीला कुठल्या तरी दिवसाच्या खुंटीला बांधावं लागणार. आजीची खुंटी सूर्योदयाची. तात्यांची त्याआधी चार घटकांची, म्हणजे 96 मिनिटं आधीच्या अरुणोदयाची. त्या वेळी दशमीचा नुसता स्पर्श जरी उरला असेल तरी तो दिवस भागवतांना चालत नाही, ते दुसरा धरतात. झालं. वाद मिटला. आजी सूर्योदयाच्या हिशेबानं बरोबर, तात्या अरुणोदयाच्या. ‘आहे आणि नाही’ असं एकाच अर्थानं कुणी म्हणतच नव्हतं. जैन पंडितांनी ‘स्यात्’ हे एवढंसं अक्षर वाक्याला लावून हाच उपाय शास्त्रापर्यंत नेला. एका अपेक्षेनं आहे, दुसऱ्या अपेक्षेनं नाही.

निम्म्याहून जास्त विरोध असे बोलण्याच्या आळसातून आलेले असतात, असं माझं बरीच वर्षं मत होतं. ‘कुठल्या अर्थानं?’ एवढं विचारलं की ते विरघळतात. वास्तव तर्काच्या बाहेर जात नाही, आपणच अर्धवट बोलतो. हे मत मला शिक्षक म्हणून सोयीचंही होतं.

ते डळमळीत झालं ते तीन काचांमुळे. काचा म्हणजे खरं तर पोलरॉइडचे तुकडे, करड्या चष्म्याच्या काचेसारखे दिसतात. बारावीला प्रकाशाचं ध्रुवीकरण शिकवताना मी ते खिशात घेऊन जायचो. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे आणि एक हळूहळू फिरवायचा. एक उभा, एक आडवा झाला की पलीकडचं सगळं काळं. मुलांना यातच मौज वाटते. मग मी तिसरा तुकडा काढायचो आणि त्या दोघांच्या मध्ये तिरका, 45 अंशांत सरकवायचो. आधीच प्रकाश अडलेला, त्यात आणखी एक अडथळा घातला, म्हणजे अंधार आणखी दाट व्हायला हवा. पण तिथे उजेड येतो. मूळ प्रकाशाचा आठवा हिस्सा, तुकडे आदर्श असतील तर. प्रत्यक्षात थोडा कमी, पण डोळ्याला लख्ख दिसेल इतका.

(हा प्रयोग मी एकदा घरी आत्यालाही दाखवला होता. ती म्हणाली, “दोघांचं पटत नव्हतं, मध्ये तिसरा बसला आणि मिटलं.” यापेक्षा बरं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.)

प्रकाश ही लाट आहे एवढं मानलं तर यात गूढ काही नाही. पोलरॉइड ही नुसती चाळणी नसते. येणाऱ्या लाटेचा आपल्या दिशेपुरता भाग ती ठेवते आणि बाकीचा गिळते, म्हणजे बाहेर पडणारी लाट तिच्या दिशेनं वळलेली असते. उभ्याचं तिरकं झालं, तिरक्याचं आडवं होऊ शकतं. हा हिशेब मालूस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दोनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवलाय. मी तो फळ्यावर लिहायचो आणि तास संपायचा.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ती एरवी बोलायची नाही. म्हणाली, “सर, पण मागच्या धड्यात तुम्ही म्हणालात, प्रकाश फोटॉनचा असतो आणि फोटॉन अर्धा होत नाही. मग उभ्या काचेतून आलेला एक फोटॉन मधल्या काचेपाशी पोचतो तेव्हा तो तिरका असतो की नसतो?”

मी म्हटलं, “तो प्रश्नच तसा विचारता येत नाही.”

“का नाही येत? काहीतरी असेलच की. असतो किंवा नसतो.”

आठवीतला मी समोर बसलोय असं मला वाटलं. आणि आजीसारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या मुलीचा प्रश्न नीट मांडायला पदार्थविज्ञान लागत नाही, चहाची टपरी पुरते. मी टपरीवर सांगितलं, “चहा द्या, आणि बिस्किट किंवा खारी, जे असेल ते.” टपरीवाल्याला याचा अर्थ कळतो. एकतर चहा-बिस्किट, नाहीतर चहा-खारी. तिसरं काही संभवत नाही. ‘आणि’ कंसाच्या आत शिरतं आणि दोघांनाही जाऊन चिकटतं. हा नियम इतका उघड आहे की त्याला नियम म्हणायलाही कसंतरी होतं.

आता उभ्या काचेतून आलेला फोटॉन घ्या. तो उभा आहे हे नक्की, दुसऱ्या उभ्या काचेतून तो हमखास पार होईल. तिरकेपणाचे दोनच प्रकार आहेत, उजवा आणि डावा. कुठलाही फोटॉन तपासा, या दोहोंपैकी एक सापडणारच. म्हणजे ‘उभा, आणि उजवा किंवा डावा तिरका’ इथवर सगळं ठीक. आता टपरीवाल्यासारखा कंस सोडवा. ‘उभा आणि उजवा तिरका’, किंवा ‘उभा आणि डावा तिरका’. आणि इथे पंचाईत होते. या दोन्हींत बसणारा एकही फोटॉन या जगात नाही. उजवा आहे हे नक्की करायला गेलात की उभेपणाची खात्री हातातून जाते. चहा आहे, बिस्किट किंवा खारी नक्की आहे, पण चहा-बिस्किटही मिळत नाही आणि चहा-खारीही नाही. टपरीवाला काय करेल?

गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन यांनी 1936 मध्ये सुचवलं की अणूंच्या जगात ‘आणि’, ‘किंवा’ यांचं व्याकरणच वेगळं आहे असं मानावं. कंस सोडवायचा नियम तिथे लागू नाही. आणि 1968 च्या सुमारास हिलरी पटनम या अमेरिकन तत्त्वज्ञानं त्यावर मोठी उडी घेतली. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: युक्लिडची भूमिती दोन हजार वर्षं ‘असणारच’ या सदरात होती. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, यात निरीक्षणाचा काय संबंध? पण एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या भूमिती निघाल्या, 1915 मध्ये आईनस्टाईननं त्यातली एक उचलली, आणि आपण जिथे राहतो त्या अवकाशाची भूमिती कुठली हे दुर्बिणीनं ठरवायची गोष्ट झाली. मग तर्कशास्त्राचं तसंच का होऊ नये?

हे वाचताना मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू. सगळं जग सैल झाल्यासारखं वाटतं. पण थोडं थांबलं की खटकतं. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांचं ते गणित सिद्ध कुठल्या तर्कानं होतं? आपल्या नेहमीच्याच. प्रयोगशाळेत फोटॉन मोजणारं यंत्र ‘टिक’ करतं किंवा करत नाही, आणि वहीत त्याची नोंद होते. तिथे कुणी ‘टिक झालं आणि झालं नाही’ असं लिहीत नाही. पटनम स्वतःही पुढे या मतापासून दूर गेला. आणि भूमितीचा दाखला तसा लंगडाच आहे. जुनी भूमिती टाकायची की ठेवायची हे ठरवायला तर्क होता. तर्क टाकायचा की ठेवायचा हे कशानं ठरवणार?

या जागेवर येऊन थबकलेली माणसं जुनी आहेत. अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच अर्थानं आहे आणि नाही असं होत नाही, हे सिद्ध करता येत नाही, कारण सिद्ध करण्याचं सगळं भांडवल तेच आहे. जो हे नाकारतो त्याला फक्त काहीतरी अर्थपूर्ण बोलायला लावायचं. तो बोललाच नाही तर तो झाडासारखा, त्याच्याशी काय वाद घालणार? आणि वर त्याचा एक मिश्कील प्रश्न आहे: असं म्हणणारा माणूस पहाटे उठून सरळ विहिरीत का चालत जात नाही? पडणं आणि न पडणं सारखंच असेल तर कडेनं का जातो?

आपल्याकडे हजारेक वर्षांपूर्वी न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांनी दुसऱ्या वादात जवळजवळ हेच केलं. धूर आहे तिथे अग्नी असणारच कशावरून, असा चार्वाकाचा प्रश्न होता. उदयन म्हणतात, ‘व्याघातावधिराशङ्का’. शंका काढायची तर काढ, पण तुझ्याच वागण्याशी ती आपटेपर्यंतच. त्यांच्या परंपरेतले पुढचे पंडित याचे दाखले देतात: धूर हवा असला की तू विस्तवच पेटवतोस ना? भूक लागली की अन्नच शोधतोस ना? मग शंका तिथे संपली. उदयनांच्या या म्हणण्यावर श्रीहर्ष या वेदान्ती पंडितांनी त्यांचाच श्लोक घेऊन दोन-चार शब्द फिरवले आणि त्यांच्याच अंगावर टाकला: व्याघात, म्हणजे ही आपटाआपटी, व्हायचा तर शंका आणि वागणं या दोघांत व्हायचा, म्हणजे व्याघात आहे तिथे शंका जिवंत आहे. मग तो शंकेची हद्द कसा? संस्कृतातला इतका खट्याळपणा मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

मला श्रीहर्षांची बाजू घ्यायची नाही. पण अ‍ॅरिस्टॉटल आणि उदयन दोघंही जे दाखवतात ते माणसाबद्दल आहे. विहीर टाळणारा माणूस, विस्तव पेटवणारा माणूस. माणसाला तर्काशिवाय बोलता येत नाही, जगता येत नाही, हे कबूल. विहिरीचं काय?

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका सकाळी मी चहाला साखर घ्यायला डबा उघडला. साखर नव्हती. मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, “डब्यात साखर नाही!” आणि डब्याकडे बघतच उभा राहिलो. डब्यात काय होतं? तळाशी दोन मुंग्या, कडेला चिकटलेले चार दाणे, चमचा. हे सगळं ‘होतं’. ‘साखर नाही’ हे त्यात कुठे होतं? डब्यात रॉकेल नव्हतं, पासपोर्ट नव्हता, हत्तीही नव्हता. त्यातलं काहीच मी ओरडून सांगितलं नाही. साखरेचं नसणं तेवढं मला दिसलं, कारण साखर माझ्या डोक्यात होती.

नैयायिकांचा, म्हणजे उदयनांच्या न्यायदर्शनाच्या पंडितांचा, यावर पक्का सिद्धांत आहे. अभाव हा खरा पदार्थ आहे, जगात असणारा, डोळ्यांना दिसणारा. त्याचे चार प्रकार: घडण्याआधीच्या मडक्याचं नसणं, फुटलेल्या मडक्याचं नसणं, या जमिनीवर मडकं नसणं, आणि मडकं हे वस्त्र नसणं. प्रत्येक अभावाला त्याचा ‘प्रतियोगी’ लागतो, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू. मराठीनं यातल्या शेवटच्या दोहोंसाठी वेगळी क्रियापदंच करून ठेवली आहेत. ‘इथे साप नाही’ आणि ‘हा साप नव्हे’. पहिल्यात जागा रिकामी आहे, दुसऱ्यात काहीतरी पडलंय पण ती दोरी आहे. हल्ली आपण दोन्हीकडे ‘नाहीये’ म्हणून मोकळे होतो. ‘नव्हे’ फक्त भाषणात आणि जुन्या पत्रांत उरलंय. मला त्याचं वाईट वाटतं. इतकी बारीक सुरी फार थोड्या भाषांपाशी असेल.

पण मीमांसा या दुसऱ्या दर्शनातला प्रभाकरांचा पक्ष नैयायिकांचं ऐकत नाही. ते म्हणतात, अभाव वगैरे काही वेगळं नाही. जमिनीवर मडकं नाही म्हणजे नुसती जमीन. डब्यात साखर नाही म्हणजे नुसता डबा.

मला प्रभाकर पटतात. आणि ते पटले की आमच्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. विरोध व्हायला एक ‘आहे’ आणि एक ‘नाही’ लागतं. ‘आहे’ जगाकडे भरपूर आहे. ‘नाही’ मात्र आपण घेऊन जातो, प्रतियोगी खिशात घालून, जसा मी साखर घालून डब्यापाशी गेलो. मग जग तर्काचे नियम मोडेल कसं? मोडायला लागणारी अर्धी वस्तू त्याच्यापाशी नाहीच. आणि ज्याला मोडता येत नाही तो ‘पाळतो’ असं तरी कशाला म्हणायचं? एकादशी आजी पाळायची. चंद्र 120 अंशांवरून 132 अंशांकडे जायचा, एवढंच. फोटॉन उभ्या काचेतून जातो, तिरक्या काचेतून जातो, कुठे गिळला जातो. ‘तिरका असतो की नसतो’ यातलं ‘नसतो’ हे आमचं सामान आहे. ‘काचेत न शिरताच तिरका’ हा विचारही आमचाच. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत हे सामान इतकं चपखल बसतं की ते आपण आणलंय हे आपण विसरतो. फोटॉनपाशी ते बसत नाही, म्हणून आठवण होते.

इथवर येऊन मी खूश झालो होतो. पण रात्री पाऊस लागला, वीज गेली, आणि मी अंगणातला दिव्याचा खटका बघायला अंधारात चपला शोधत उभा राहिलो. पावसाळ्यात आमच्या अंगणात घोणस निघते, दोनदा निघालीय. पाय टाकायच्या आधी मनात एकच: तिथे साप नसू दे. ते ‘नाही’ नुसतं माझ्या डोक्यातलं सामान होतं का? माझा पाय शाबूत राहिला तो माझ्या शब्दामुळे नव्हे. तिथे खरोखरच साप नव्हता. प्रभाकर म्हणतील, नुसती ओली फरशी होती. हो, पण कसल्या ‘नुसती’वर मी भार टाकला? त्या ‘नुसती’त नैयायिकांचा अभाव हळूच येऊन बसलेला मला तेव्हा दिसला, आणि तो अजून उठलेला नाही.

त्या मुलीला मी यातलं काही सांगू शकलो नाही. तिला म्हटलं, मला माहीत नाही, पुढे शिकलीस तर मला कळव. ती आता कुठे आहे ठाऊक नाही. पोलरॉइडचे तीन तुकडे माझ्याकडे आहेत. दोन कॉलेजनं निरोपाच्या वेळी प्रेमानं दिलेले, एक बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून मी स्वतः सोललेला.

मागच्या आषाढात आईकडे बसलो होतो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला थोडं कमी येतं. कालनिर्णय तिच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. मी तिला आठवीतली गोष्ट सांगितली, दोन एकादश्यांची. सूर्योदय, अरुणोदय, 96 मिनिटं, सगळं समजावलं. म्हटलं, “बघ, आजी पण बरोबर होती आणि तात्या पण. वाद नव्हताच.”

“वाद कुठला,” आई म्हणाली. “तुझ्या आजीनं आणि तात्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही.”

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, डोळा लागला.

“पहिल्या दिवशी सासूबाईंची खिचडी आणि बाकीच्यांना पोळी-भाजी,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी तात्यांची खिचडी आणि बाकीच्यांना पोळी-भाजी. तुम्हा पोरांना दोन्ही दिवस दोन्ही हवं असायचं. भांडी वेगळी, उपवासाचं तिखट वेगळं. साबुदाणा दोन्ही रात्री भिजवायचा.”

“आणि तू? तुझी एकादशी कुठल्या दिवशी असायची?”

तिला ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल. ती म्हणाली, “दाण्याचं कूट मात्र एकदाच करून ठेवायची मी.”